बोट परतली, मुले राहिली

हल्ली मुलगा परदेशी शिकायला गेला, तरी रात्री फोनवर त्याचे तोंड दिसते आणि आईला ‘जेवलास का रे?’ एवढे तरी विचारता येते. 1879 साली डॉक्टर कृष्णधन घोष यांनी आपले तीन मुलगे विलायतेत नेऊन ठेवले, तेव्हा पत्र पोचायलाच आठवडे लागत. धाकटा अरविंद सात वर्षांचा होता.

डॉक्टर बंगालमध्ये सिव्हिल सर्जन होते. स्वतः विलायतेत शिकून आलेले. मुलांनी पक्के साहेब व्हावे हा त्यांचा ध्यास. घरात बंगालीला मज्जाव, बोलायचे ते इंग्रजीत किंवा नोकरांशी हिंदुस्थानीत! पाच वर्षांच्या अरविंदाला त्यांनी भावांबरोबर दार्जिलिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये घातले होतेच. आता मँचेस्टरला ड्र्यूएट नावाच्या पाद्र्याच्या घरी तिघांची सोय केली आणि बजावून सांगितले, की मुलांचा कोणा हिंदी माणसाशी परिचय होऊ देऊ नका. मग आईवडील परतले.

थोरले दोघे शाळेत जाऊ लागले. अरविंदाला मात्र पाद्रीबुवा लॅटिन, तर बाई फ्रेंच, इतिहास आणि अंकगणित घरीच शिकवीत. शिक्षण उत्तम झाले यात शंका नाही. 1884 साली लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत त्याचे नाव घातले गेले. ड्र्यूएट पतिपत्नी ऑस्ट्रेलियाला गेली होती. मुलांजवळ राहिली ती पाद्रीबुवांची वृद्ध आई. रोज सांजेला प्रार्थना. एके दिवशी मधला मनमोहन मोझेसबद्दल काहीतरी वावगे बोलला. म्हातारीने रागाने घर सोडले. अरविंदाला म्हणे हायसेच वाटले!

पण पुढे हाल सुरू झाले. वडिलांकडून पैसे वेळेवर येईनात. मनाने डॉक्टर वाईट नव्हते; गोरगरिबांना सढळ हाताने देणारा हा माणूस. तथापि परगावच्या गोरगरिबांची काळजी वाहणाऱ्या बापाची स्वतःची मुले लंडनच्या थंडीत ओव्हरकोटाशिवाय हिंडत होती, हे कसे विसरावे? थोरला विनयभूषण एका क्लबात आठवड्याला पाच शिलिंगांवर काम करी आणि त्या क्लबाच्याच माडीवर भावंडे राहत. एक अख्खे वर्ष सकाळी पावलोणी नि चहा, रात्री एका पेनीचे सॉसेज, एवढ्यावर काढले. त्याच वयात अरविंद ग्रीक-लॅटिनची बक्षिसे मिळवीत होता.

1890 साली शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजला गेला. आय.सी.एस.च्या परीक्षेतही उत्तीर्ण झाला. पण घोड्यावर बसण्याच्या परीक्षेला हजरच राहिला नाही आणि 1892 साली नाव वगळले गेले. मौज अशी, की मुलाला हिंदी वारा लागू नये म्हणणारे वडीलच पुढे त्याला इंग्रजांच्या अन्यायाच्या बातम्यांवर खुणा करून ‘बेंगॉली’ पत्राची कात्रणे धाडीत असत!

सयाजीराव गायकवाड तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी दरमहा दोनशे रुपयांवर अरविंदांना बडोद्यास बोलावले. वडील वाट पाहत होते. तोच चुकीचा निरोप आला, की मुलाची बोट पोर्तुगालच्या किनाऱ्यापाशी बुडाली. बोट बुडाली हे खरे, पण अरविंद तिच्यावर नव्हते. त्या धक्क्याने डॉक्टर मुलाचे नाव घेत गेले. 1893 च्या फेब्रुवारीत मुलगा मुंबईच्या अपोलो बंदरावर सुखरूप उतरला, तेव्हा वडील जाऊन दोन महिने होत आले होते.

आईला तोवर मनाचा विकार जडला होता. ‘माझा अरविंद लहान आहे, हा एवढा मोठा कोण?’ असे ती म्हणाली आणि बोटावरच्या जुन्या जखमेच्या खुणेवरून तिने त्याला ओळखले, असे सांगतात.

बडोद्यास ते मराठी शिकले, गुजराती शिकले. केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ची इंग्रजी बाजू पाहत, त्यांच्या आग्रहावरून अरविंदांनी काँग्रेसच्या मवाळ धोरणावर असे जळजळीत लेख लिहिले, की न्यायमूर्ती रानड्यांना मालकांना सावध करावे लागले. बंगालीचे जुजबी धडे केंब्रिजला झाले होते. पण बोलण्याचा सराव व्हावा म्हणून 1898 साली दीनेंद्रकुमार राय यांना खास बंगालहून बोलावून घ्यावे लागले. शिष्य सव्वीस वर्षांचा, कॉलेजात इंग्रजी शिकविणारा! पुढे 1909 साली त्यांनी ‘धर्म’ हे बंगाली साप्ताहिकही काढले. ‘सावित्री’ हे महाकाव्य मात्र लिहिले ते इंग्रजीतच.