मोतीचं पथ्य

गेल्या वर्षी उन्हाळाभर आमच्या घरात कोणाला सलग झोप नव्हती. रात्री दोनच्या सुमारास आमचा मोती कान फडफडवायला लागायचा. मग पंजे चाटणं, मग कार्पेटवर पोट घासणं. मोती म्हणजे आमचा चार वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर. (मुलांनी त्याचं नाव कुकी ठेवलं होतं. आईने पुण्याहून फोनवरच ते रद्द केलं.) काखेतले केस जाऊन कातडी काळी, जाड झाली होती, कानांना आंबूस वास यायचा. औषध घातलं की बरं, थांबवलं की पुन्हा तेच. एका रात्री सौ. म्हणाली, "याचे हाल बघवत नाहीत रे. दुसऱ्या कुणाकडे बरा राहील का हा?" धाकटीने ते जिन्यातून ऐकलं आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

दुकानातल्या माणसाने 'ग्रेन-फ्री' खाद्याची महागडी पिशवी गळ्यात मारली. फरक शून्य. आमच्या व्हेट बाईंनी नंतर सांगितलं की कुत्र्यांना धान्यापेक्षा मांस आणि दूधदुभतंच जास्त वेळा बाधतं. २०१६ साली अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदींचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बीफ ३४ टक्के, दूधदुभतं १७, चिकन १५ आणि गहू १३. आपल्या फ्रिजमध्ये बीफ नसेलही, पण कुत्र्याच्या बिस्किटांच्या पुडक्यावरची बारीक अक्षरं वाचून बघा!

माझी समजूत अशी की अ‍ॅलर्जी नव्या पदार्थाची येते. पण वर्षानुवर्षं बिनतक्रार खाल्लेल्या पदार्थावरही शरीर एक दिवस डूख धरतं. मी म्हटलं, रक्त तपासा आणि रिपोर्ट द्या. इंजिनिअर माणूस, आकडे दिसले की बरं वाटतं. बाई हसल्या. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही म्हणाल्या. आधी पिसवा नाहीत याची खात्री, कानातल्या बुरशीवर औषध, आणि मग आठ आठवडे कडक पथ्य. बहुतेक कुत्र्यांना पाच आठवड्यांत फरक दिसतो, पण काहींना आठ लागतात.

पथ्याचं खाद्य 'हायड्रोलाइज्ड' असतं. म्हणजे त्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या पहारेकऱ्याला ते ओळखू येत नाहीत. बुंदीचा लाडू फोडून बुंदी सुटी केली तर लाडू कुठे दिसतो, तसं. बाकी काही म्हणजे काही द्यायचं नाही.

आणि नेमकी त्याच वेळी आई सहा महिन्यांसाठी आली होती. सकाळी स्वतःच्या ताटातली दहीपोळी मोतीला घातल्याशिवाय तिला घास जात नाही. "मुक्या जिवासमोर एकटीनं जेवायचं? पाप आहे रे." मी फ्रिजवर तक्ता लावला, मुलांच्या हातातलं चीज बंद केलं. तीन आठवड्यांत खाज निम्मी झाली. चौथ्या आठवड्यात पंजे पुन्हा लाल! सगळ्यांनी आईकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि जरा तोडूनच बोललो. ती काही न बोलता खोलीत गेली.

व्हेटबाईंनी फोनवर विचारलं, "हार्टवर्मची गोळी कोणती देता?" महिन्याची ती चघळायची गोळी, बीफच्या चवीची. दर एक तारखेला ती मोतीच्या तोंडात घालणारा मीच. आईची माफी मागितली, गोळीऐवजी मानेवर सोडायचं औषध आणलं, तक्ता फाडून पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली. त्या तक्त्यावर आता फुल्या आई मारत होती.

आठ आठवड्यांनी मोती रात्रभर झोपायला लागला. मग एकेक पदार्थ परत देऊन बघायचा, प्रत्येकाला दोन आठवडे. हा भाग बरेचजण टाळतात, पण त्याशिवाय गुन्हेगार सापडत नाही. चिकनला काही झालं नाही, पोळीला नाही. दही दिल्यावर तिसऱ्या दिवशी पंजे चाटणं सुरू! पिल्लू असल्यापासून आम्हीच त्याच्या खाण्यात रोज दोन चमचे दही कालवत होतो. पोटाला थंड म्हणून.

तरी सगळं संपलं नाही. ऑगस्टमध्ये रॅगवीडचे परागकण उडायला लागले की थोडी खाज येतेच. तेव्हा ओक्लॅसिटिनिबची गोळी देतो (अमेरिकेत २०१३ साली मंजूर झाली, व्हेटच्या सल्ल्यानेच द्यायची). अ‍ॅलर्जीशी संबंध नाही, पण जाता जाता सांगतो: प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि कुठल्याही भाजीतला कांदा कुत्र्याला विषारी असतो, प्रेमानेही देऊ नका.

आई जानेवारीत परत गेली. दर रविवारी फोनवर आधी मोतीची चौकशी होते. "कोरडी पोळी देतोस ना रे त्याला?" देतो. चतकोर, सकाळी, तिच्याच खुर्चीजवळ.