ताटातल्या माशाची जागा कोण घेणार?

आजचा विषय बऱ्याच श्रोत्यांनी सुचवला होता. मांस-मासळी सोडली किंवा कमी केली, तर तिच्या जागी काय खायचं? विषय हलकाफुलका वाटतो. आम्हालाही तसाच वाटला होता. पण आमच्याच घरात त्याची दुसरी बाजू दिसली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या थोरल्या काकू मालवणच्या. सोमवार आणि श्रावण सोडला, तर साठीपर्यंत त्यांचं दुपारचं जेवण माशाशिवाय क्वचितच झालं असेल. मग त्या पंढरीच्या वारीला गेल्या, तुळशीची माळ घातली आणि मासळी सुटली. आम्ही सगळ्यांनी कौतुकानं पर्याय शोधले. फणसाची भाजी, सुरणाचे काप, मशरूमचा रस्सा. काकू आवडीनं जेवायच्या. दूध त्यांना आधीपासूनच आवडत नव्हतं. चौथ्या वर्षी पायांना मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जायला लागला. तपासणीत बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं घेतल्यावर त्या बऱ्या झाल्या, माळही गळ्यात आहे. पण आमचं चुकलं कुठे, हे कळायला वेळ लागला. माशाची चव आम्ही भरून काढली होती. मासा ताटात आणखीही कामं करत होता, ती मात्र आम्ही कुणालाच नेमून दिली नव्हती.

ही कामं ढोबळमानानं चार. चव, चावा, प्रथिनं आणि बी-१२ सारखी सूक्ष्म पोषकद्रव्यं. एकेक घेऊ.

आधी चव. गंमत अशी, की आपण ज्याला सागोतीची किंवा कालवणाची चव म्हणतो, तिच्यातला मोठा वाटा मसाल्याचा असतो. मालवणी वडे कोंबडीबरोबर खातात, तसेच शाकाहारी जेवणात काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर खातात. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप दोन्हीकडे तेच. गोव्यात उडीदमेथी बांगड्याची होते आणि अंबाड्यांचीही होते. जुन्नरकडची मासवडी घ्या. नाव माशाचं, आकार माशाच्या तुकडीसारखा, पण आत आहे बेसन, सुकं खोबरं आणि तीळ. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. म्हणजे या वाटेवर आपले लोक फार आधीच चालून गेलेत.

तरी काहीतरी उरतंच. मांसाची जिभेवर रेंगाळणारी चव असते, तिला जपानीत ‘उमामी’ म्हणतात. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून या चवीमागचा ग्लुटामेट शोधून काढला. मांस-माशात ग्लुटामेटच्या जोडीला इनोसिनेट नावाचा पदार्थ असतो आणि दोघं एकत्र आले की ही चव कितीतरी पटीनं वाढते. शाकाहारात टोमॅटोमध्ये ग्लुटामेट मिळतो आणि इनोसिनेटच्या जागी वाळवलेल्या शिताके मशरूममधला ग्वानिलेट चालतो. म्हणून रस्सा मिळमिळीत वाटला, तर तिखट वाढवण्याआधी टोमॅटो चांगला परतून घ्या आणि सुक्या मशरूमची चमचाभर पूड घालून बघा. माशाच्या कालवणाची आठवण हवी असेल, तर तिरफळं आणि आमसुलं विसरू नका. निम्मं काम तो वासच करतो.

दुसरं काम चाव्याचं. इथे फणसाची कोवळी कुयरी फार उपयोगी, कारण तिचे धागे शिजल्यावर मटणासारखे सुटतात. सुरणाचे काप मासा तळतो तसेच करायचे. हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून ठेवायचे, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कमी तेलात तळायचे. आगळ फक्त चवीपुरतं नसतं बरं का. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज येते ती त्यांच्यामुळे. आंबटामुळे ती कमी होते. नीरफणसाचेही असेच काप होतात आणि त्याला खाजेची भीती नाही.

सोयाबीनच्या वड्यांबद्दल तक्रारी फार येतात, “रबर खाल्ल्यासारखं वाटतं,” “वास येतो.” तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचं पीठ उष्णतेखाली आणि दाबाखाली यंत्रातून ढकलतात. बाहेर पडताना त्यातल्या पाण्याची वाफ होऊन ते फुलतं आणि आत धाग्यांसारखी रचना तयार होते. म्हणजे वडी हा एक स्पंज आहे. ती मिठाच्या गरम पाण्यात भिजवा, घट्ट पिळा, पुन्हा साध्या पाण्यातून काढून पिळा. वास बराचसा त्या पाण्याबरोबर जातो. आत पाणी राहिलं, तर मसाल्याला शिरायला जागाच नसते. पिळल्यावर दही-मसाल्यात अर्धा तास ठेवा, तेलावर लालसर परता आणि मगच रश्श्यात सोडा. आम्ही ही परतण्याची पायरी गाळून पाहिली. घरात कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही!

आता तिसरं काम, प्रथिनं. इथेच बहुतेक घरं फसतात. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण १९-२० ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्याच कच्च्या फणसात, सुरणात किंवा ताज्या मशरूममध्ये दोन-तीन ग्रॅम. चावा मटणाचा आला म्हणून प्रथिनं मटणाची येत नाहीत. सोयाच्या कोरड्या वड्यांत मात्र १०० ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम असतात, म्हणजे ५० ग्रॅम कोरड्या वड्या भिजवल्या की २५ ग्रॅम मिळाली. कोरडे वाटाणे, बेसन यांत १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची शिफारस प्रौढांसाठी रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमची आहे. ५५ किलोच्या माणसाला सुमारे ४६ ग्रॅम. तेव्हा फणसाची भाजी जरूर करा, पण त्याच ताटात उसळ, पनीर किंवा टोफू हवा. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि मासवडी हे पदार्थ चवीबरोबर प्रथिनांचंही काम करतात, हे आता लक्षात येईल.

चौथं काम सगळ्यात अदृश्य. बी-१२ जीवाणू तयार करतात, वनस्पती नाही. म्हणून कितीही मसाला घातला तरी फणसातून ते मिळणार नाही. दूध, दही, पनीर, अंडी यांत ते असतं. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे मासळी सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. उतारवयात ते शोषलं जाण्याचं प्रमाणही कमी होतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्येही ते कमी होऊ शकतं. अशांनी डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी, गरज असेल तर गोळ्या घ्याव्यात. माशातल्या ओमेगा-३ साठी जवसाची चटणी चांगली, पण तिच्यातल्या ओमेगा-३ चं माशातल्या प्रकारात रूपांतर शरीर थोडंच करतं. शेवाळापासून केलेलं तेल कॅप्सूलमध्ये मिळतं, ते शाकाहारी असतं.

शेवटी एक प्रश्न आला होता, “बाजारातलं तयार शाकाहारी मटण घ्यावं का?” अधूनमधून जरूर घ्या. पण पाकिटाच्या मागची बाजू वाचा. प्रथिनं किती, मीठ किती, बी-१२ वेगळं घातलंय का. गव्हाची ॲलर्जी असेल तर ग्लुटेन आहे का, तेही पाहा.

काकूंच्या घरी आता बुधवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं, रविवारी सोयाच्या वड्यांची सागोती. जेवणानंतर वाटीभर दही आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी. सुरणाचे काप आजही होतात, फक्त त्यांच्या एकट्यावर आता आम्ही माशाची चारही कामं टाकत नाही.