खटाटोपाचे टेबल

आमच्या इंदुरात भंगाराला 'अटाला' म्हणतात. घराच्या मागच्या गॅलरीला काचा लावून मी सहा फूट बाय चार फुटांची जी जागा करून घेतली आहे, तिलाही घरात हेच नाव पडले आहे. "डॉक्टर कुठे आहेत?" असे कोणी विचारले, की "अटाल्यात" हे उत्तर आमच्या सौभाग्यवती गेली वीस वर्षे न थकता देत आल्या आहेत. तेथे एक लाकडी टेबल आहे. त्यावर सोल्डरिंगचे सामान, मल्टिमीटर, जुन्या बाजारातून आणलेला एक ऑसिलोस्कोप आणि इंजेक्शनांच्या रिकाम्या खोक्यांत वर्गवारीने लावलेले रेझिस्टर व कपॅसिटर असा सरंजाम असतो. व्यवसायाने मी भूलतज्ज्ञ आहे. दिवसभर मॉनिटरांच्या टिकटिकीत राहणाऱ्या माणसाला घरी आल्यावरही यंत्रेच कशी लागतात, असा प्रश्न अनेक व्यवसायबंधू विचारतात. माझे उत्तर साधे आहे. शस्त्रक्रियागृहातील यंत्र मला उघडता येत नाही. माझ्या टेबलावरचे येते.

हा नाद शाळेत असताना लागला. महाराणी रोडवरील एका दुकानातून 'ओए ७९' नावाचा काचेचा इवलासा डायोड आणला, पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली, गच्चीवर एरियल ताणले, नळाच्या पाइपाला अर्थिंग जोडले आणि कानात इअरफोन घातला. सेल नाही, विजेची जोडणी नाही. तरीही मालवा हाउसच्या आकाशवाणी केंद्रावरचे गाणे बारीक आवाजात ऐकू आले! रेडिओलहरींतच इअरफोनचा पडदा हलवण्याइतकी ऊर्जा असते, हे पुस्तकात वाचले होते. पण ते कानाने ऐकणे ही गोष्ट वेगळी. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात गेलो, वाटेत छंद काही वर्षे झोपी गेला आणि आर्डुइनोसारखे स्वस्त संगणकीय बोर्ड बाजारात आल्यावर पुन्हा जागा झाला. २००५ साली इटलीतील इव्रेया गावी विद्यार्थ्यांसाठी जन्मलेल्या या बोर्डाने जगभरच्या हौशी लोकांची मोठीच सोय केली.

आमच्या अटाल्याचा दुसरा भागीदार माझा पुतण्या. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत पडद्यावरील लढायांत रात्री जागवतो. त्याला रागावणाऱ्या वडीलधाऱ्यांत माझा समावेश नाही, कारण १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी रचलेल्या 'टेट्रिस'चा मी जुना भक्त आहे. शिवाय व्हिडिओ गेमचा आणि आपल्या व्यवसायाचा पडदा मुळात एकच आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या लहानशा गोल पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. हृदयाचा आलेख जसा प्रकाशाच्या बिंदूने त्या पडद्यावर धावे, तसाच येथे चेंडू धावत होता. हिगिनबॉथम यांनी त्याचे पेटंटही घेतले नाही.

पुतण्या मला नेहमी एक अभ्यास ऐकवतो. २००७ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी'मध्ये जेम्स रॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्या शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सराव-चाचणीत ३७ टक्के कमी चुका केल्या आणि काम २७ टक्के अधिक वेगाने पुरे केले. मी त्याला दोन गोष्टी सुनावतो. पहिली, त्या अभ्यासात शल्यचिकित्सक होते अवघे ३३, आणि ज्यांचा हात मुळातच चपळ तेच गेमकडे वळले नसतील कशावरून? दुसरी, २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गेमच्या व्यसनालाही स्थान मिळाले आहे. या वादात आजवर कोणी हरलेले नाही.

घरी खटपट करणाऱ्या माणसाने वैद्यकाला काय दिले, असे कोणी विचारले की मी अर्ल बॅकन यांचे नाव घेतो. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात एका गॅरेजमध्ये ते रुग्णालयांची उपकरणे दुरुस्त करून देत. त्या काळचे पेसमेकर भिंतीवरच्या विजेवर चालत. लांब वायर, ढकलगाडीवर पेटी आणि त्यामागे रुग्ण, अशी वरात निघे. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज काही तास गेली. हृदयशस्त्रक्रियेचे अग्रणी डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी बॅटरीवर चालणारे काही करता येईल का, असे बॅकन यांना विचारले. बॅकन यांना 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या हौशी मासिकात पाहिलेला मेट्रोनोमचा, म्हणजे संगीताचा ठेका धरणाऱ्या यंत्राचा, एक नकाशा आठवला. ट्रान्झिस्टरची ती मांडणी थोडी बदलून त्यांनी सुमारे चार आठवड्यांत एक छोटी पेटी तयार केली आणि प्राण्यावर चाचणीसाठी दिली. दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात गेले, तर ती पेटी एका बालरुग्णाच्या हृदयाला जोडलेली होती.

ही कथा मी तरुण डॉक्टरांना सांगतो आणि लगेच बजावतो, की आज असे करायचे नाही. त्या वेळी समोरचा पर्याय मृत्यूचा होता. आज आपल्यासमोर सिद्ध झालेली उपकरणे आहेत. आपल्या देशातही २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत आणि एप्रिल २०२० पासून यच्चयावत वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. कायदा बाजूला ठेवला, तरी भूलतज्ज्ञ या नात्याने मला एक आकडा विसरता येत नाही. थेट हृदयापर्यंत नेलेल्या तारेतून गळणाऱ्या विजेची सुरक्षित मर्यादा दहा मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा एक लक्षांश भाग, इतकी कमी मानली जाते. म्हणून माझ्या टेबलावर दोन नियम पाळले जातात. शरीराला जोडायचे ते यंत्र फक्त बॅटरीवर चालेल, लॅपटॉपचे चार्जरसुद्धा काढलेले असेल. आणि येथे बनलेली कोणतीही वस्तू रुग्णाला लागणार नाही.

मग या खटाटोपाचा उपयोग काय? तो मला पल्स ऑक्सिमीटरने शिकवला. जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी हे मुळात हृदयाचे रक्तप्रक्षेपण मोजण्याच्या प्रयत्नात होते. कानाच्या पाळीतून प्रकाश आरपार धाडावा आणि रक्तातील रंगद्रव्य मोजावे, अशी त्यांची रीत. नाडीच्या ठोक्यांमुळे आलेखावर लाटा उठत आणि मोजणीत व्यत्यय येई. तो व्यत्यय पुसून टाकण्याच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आले, की लाटा उठवते ते केवळ धमनीतले रक्त. म्हणजे हव्या त्या रक्ताची खूण या नको असलेल्या लाटांतच आहे! १९७४ साली त्यांनी हे तत्त्व मांडले. भूलशास्त्राचे रूप या एका शोधाने किती पालटले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी मी आणि पुतण्याने सुटा सेन्सर आणून हे यंत्र टेबलावर रचले. त्यात दोन दिवे असतात, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषते, रिकामे हिमोग्लोबिन तांबडा अधिक शोषते. दोन्हींच्या लाटांचे गुणोत्तर काढायचे. लाटा एका संध्याकाळीच दिसू लागल्या. बोट गार पडले की त्या मावळत, ट्यूबलाइटच्या सेकंदाला शंभर वेळा होणाऱ्या लुकलुकीने त्यांच्यावर काटे उगवत. पण गुणोत्तरावरून टक्केवारी कशी काढायची? येथे आमचे गणित अडले आणि तेथेच खरे शिक्षण झाले. हे रूपांतर कोणत्याही शुद्ध सूत्रातून निघत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन, त्यांचे धमनीतील रक्त तपासून, उत्पादकाने जो तक्ता केला असेल तोच यंत्राच्या पोटात असतो. स्वयंसेवकांना सत्तर टक्क्यांच्या फार खाली नेता येत नाही. म्हणून त्याखालचे आकडे हा अंदाजच होय. तो तक्ता कोणाच्या त्वचेवर केला, हेही महत्त्वाचे. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये अमेरिकेतील रुग्णांची निरीक्षणे आली. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतील प्रमाण प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. आपणा सावळ्या लोकांनी हे वाचून स्वस्थ बसू नये.

याच दोन दिव्यांनी डिसेंबर २०२२ मधील एका सकाळी मला उपयोग झाला. परिचयातील एका कुटुंबाचा फोन आला. घरातील सून स्नानगृहात चक्कर येऊन पडली होती. शुद्धीवर होती, पण डोके फुटेल असे दुखत होते आणि बोलणे असंबद्ध होते. "काका, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे, घाबरण्यासारखे काही नाही ना? गुरुवारचा उपवास होता तिचा." कोरोनाच्या दिवसांत घेतलेले ऑक्सिमीटर घरोघरी आहे आणि त्यावरील आकड्यावर आपल्या लोकांचा देवावर असावा तसा विश्वास आहे. मी एवढेच विचारले, "न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे का? खिडकी बंद होती का?" दोन्ही उत्तरे होकारार्थी आली. यंत्रात दिवे दोनच. म्हणून ते हिमोग्लोबिनचे दोनच प्रकार ओळखते. कार्बन मोनॉक्साइडने बळकावलेले हिमोग्लोबिन तांबड्या प्रकाशाला जवळजवळ प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिनसारखेच वागते आणि यंत्र त्याची गणना भल्या माणसांत करते. रुग्ण गुदमरत असताना आकडा अठ्ठ्याण्णवच राहतो.

दारे-खिडक्या उघडून तिला बाहेर मोकळ्या हवेत आणायला सांगितले आणि रुग्णालयात पोहोचताच पूर्ण प्राणवायू सुरू करवला. साध्या हवेत हा विषारी वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शंभर टक्के प्राणवायूवर साधारण दीड तासाच्या आत तो निम्मा होतो. तरुण सहकाऱ्यांसाठी येथे एक सूचना करतो. साध्या रक्तवायू-तपासणीतही प्राणवायूचा दाब उत्तम दिसतो आणि त्यावरून गणिताने काढलेली संपृक्तताही फसवीच असते. अनेक तरंगलांबींवर मोजणारे को-ऑक्सिमीटरच हवे. तिच्या तपासणीत चौथ्या हिश्श्याहून अधिक हिमोग्लोबिन त्या वायूच्या ताब्यात असल्याचे दिसले. ती पूर्ण बरी झाली. पण या विषाचे मेंदूवरचे परिणाम काही आठवड्यांनीही डोके वर काढू शकतात, म्हणून पुढे दोन महिने आम्ही तिच्यावर लक्ष ठेवून होतो.

त्यानंतर पुतण्याने साहजिकच हट्ट धरला, की आपण घरोघरी लावता येईल असा धोक्याचा भोंगा बनवू. आम्ही 'एमक्यू ७' नावाचा सेन्सर आणला. टिन ऑक्साइडचा हा तुकडा साठ सेकंद पाच व्होल्टवर तापवायचा, मग नव्वद सेकंद दीड व्होल्टच्याही खाली ठेवायचा आणि त्या थंड अवस्थेत मोजणी करायची, अशी त्याची तऱ्हा. भोंगा वाजला, उदबत्तीच्या धुराने वाजला आणि न्हाणीघरातल्या नुसत्या वाफेनेही वाजला. दमट हवेत त्याचा पाया सरकतो. तीन आठवडे नोंदी ठेवल्यावर मी निर्णय दिला, की हा भोंगा कोणाच्याही घरी लागणार नाही. खोटा वाजणारा भोंगा लोक काढून ठेवतात आणि न वाजणाऱ्या भोंग्याच्या भरवशावर खिडकी बंद करतात. पुतण्या दोन दिवस रुसला. त्या कुटुंबाने गिझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत हलवला आणि प्रमाणित अलार्म विकत आणला. आमच्याही घरी तेच केले.

तरीही माझी ही रेघ सर्वत्र सारखी ओढता येते, असे मला वाटत नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या अमेरिकेतील डेना लुइस यांना झोपेत ग्लुकोज-सेन्सरचा भोंगा ऐकू येत नसे. २०१३ पासून त्यांनी व स्कॉट लाइब्रँड यांनी तो आवाज मोठा करण्याची खटपट सुरू केली. त्यातूनच सेन्सर आणि इन्शुलिन पंप एकमेकांशी जोडणारी, सर्वांना खुली अशी घरगुती प्रणाली उभी राहिली. मधुमेहतज्ज्ञांनी नाके मुरडली. पुढे २०२२ साली न्यूझीलंडमधील ९७ रुग्णांची चाचणी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आली. खुल्या प्रणालीवरील रुग्णांची साखर योग्य मर्यादेत राहण्याचा वेळ चोवीस आठवड्यांनंतर दुसऱ्या गटाहून १४ टक्के-बिंदूंनी अधिक होता. रुग्णाने समजून-उमजून स्वतःच्या देहावर जोखीम घेणे आणि डॉक्टरने ती दुसऱ्याच्या देहावर लादणे, यांत मी फरक करतो. माझ्याकडे असा रुग्ण आला, तर त्याला हाकलून न देता त्याच्या यंत्राचा नकाशा समजून घेईन.

सध्या रविवारी सकाळी आमच्या भागातील पाच-सहा मुले अटाल्यात जमतात. मागच्या महिन्यात दोऱ्यात बटण ओवून दोन्ही हातांनी ताणून गरगर फिरवण्याचा जुना खेळ झाला. त्याच खेळावरून स्टॅनफर्डचे मनु प्रकाश आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली कागदाचे सेंट्रिफ्यूज केले; मिनिटाला सव्वा लाख फेऱ्या घेऊन ते रक्तातील प्लाझ्मा दीड मिनिटात वेगळा करते. आमच्या मुलांनी हळद मिसळलेल्या पाण्यावर समाधान मानले आणि भिंतीवर पिवळे शिंतोडे उडवले.

मुलांना उघडून पाहण्यासाठी जुन्या यंत्रांची सतत गरज असते. सभासदांपैकी कोणाकडे बंद पडलेले मॉनिटर, नेब्युलायझर किंवा ग्लुकोमीटर असल्यास अटालेवाल्याला देण्यापूर्वी कृपया मला कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. नीट पुसून द्यावे. पाऱ्याचे रक्तदाबमापक मात्र पाठवू नये, ते मुलांच्या हाती देण्याजोगे नाही.