गाडीची सोंड

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला, तो मोहोळ तालुक्यातली माणसं इतक्यात विसरणार नाहीत. लांबोटीजवळ पाणी एवढं चढलं, की सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. काठची शिवारं पाण्यात गेली. पाणी ओसरलं आणि माझ्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली. कुणाच्या गाडीत गुडघाभर चिखल, तर कुणाच्या गिअरबॉक्समधलं तेल पाणी मिसळून दुधासारखं पांढरं झालेलं. त्यातच एक तरुण शेतकरी ट्रॅक्टरला बांधून आपली जीप घेऊन आला. जीपच्या बॉनेटशेजारून निघून थेट टपापर्यंत गेलेली जाड काळी नळी होती.

‘आण्णा, सोंड लावलेली असताना इंजिन जाम झालंच कसं?’ त्यानं विचारलं.

प्रश्न रास्त होता. या नळीला स्नॉर्केल म्हणतात. शब्द मूळ जर्मन आहे आणि त्याचं नातं घोरण्याशी आहे. डिझेल इंजिनाच्या पाणबुडीला पाण्याखाली राहूनच हवा घेता यावी, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या आधी डच नौदलानं अशी नळी वापरात आणली. पुढे जर्मनांनी ती उचलली. आपल्याला मात्र एवढ्या लांब जायची गरज नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर धुराड्याशेजारी एक बुटकी नळी आणि तिच्या डोक्यावर वाटीसारखं भांडं असतं. ट्रॅक्टर त्यातून श्वास घेतो. उंचावरची हवा कमी धुळीची, एवढाच त्यातला साधा हिशेब.

इंजिनाला हवा किती लागते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला सुमारे दोन हजार लिटर हवा ओढतं. टर्बो असेल तर त्याहून जास्त. बहुतेक गाड्यांत ही हवा बॉनेटखालून किंवा मडगार्डच्या आतून घेतलेली असते. पाणी तिथवर पोचलं, की हवेऐवजी पाणी ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. डिझेल इंजिन हवेला दाबून तिच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शावर आणतं. अर्ध्या लिटरच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर गेल्यावर जागा उरते ती ३०-३५ मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीची तीन टोपणं. त्याहून जास्त पाणी शिरलं, तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या जीपचे दोन वाकले होते.

आता सोंड असूनही पाणी आलं कुठून? मी एअर फिल्टरचा डबा उघडला. त्याच्या तळाला एक छोटं रबरी बोंडूक असतं. आत साचलेलं पावसाचं पाणी खाली गळून जावं म्हणून कंपनीनंच ते दिलेलं असतं. सोंड बसवणाऱ्यानं ते तसंच उघडं ठेवलं होतं. डबा पाण्यात बुडाला आणि इंजिन त्या भोकातून पाणी प्यायलं. वर टपापर्यंत गेलेली नळी नुसती शोभेची ठरली. शहरातल्या एका दुकानात तासाभरात बसवून दिली होती म्हणे.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की नळी विकत घेणं हा कामाचा लहान भाग आहे. नळीच्या तोंडापासून इंजिनापर्यंत एकही फट राहू नये, हा मोठा भाग.

घेताना दोन-तीन गोष्टी बघाव्यात. नळीची आतली पोकळी कंपनीच्या मूळ वाटेपेक्षा अरुंद नको. नाहीतर इंजिन गुदमरतं, ताकद कमी होते, धूर काळा पडतो. प्लॅस्टिक उन्हाला टिकणारं हवं. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात हलकं प्लॅस्टिक दोन वर्षांत तडकतं, आणि तडा बारीक असला तरी पाण्याला तेवढा पुरतो. वरचं तोंड पुढे असतं. त्याला पावसाचं पाणी बाहेर टाकायची खाच आहे ना, ते बघा. आणि तुमच्या गाडीचा फिल्टरचा डबा ज्या बाजूला असेल, त्याच बाजूची नळी घ्या. ती उजवीकडून येणार असेल, तर आधी चालकाच्या जागेवर बसून वळणावरचं किती झाकलं जातं याचा अंदाज घ्या.

बसवताना सगळ्यात धास्तीचा क्षण मडगार्डला भोक पाडायचा. ते पुन्हा बुजत नाही. मी कागदाचा साचा चिकटवतो, नळी धरून दोनदा जुळवून बघतो, बॅटरीची वायर काढतो, मडगार्डच्या आत हात घालून तारा कुठून गेल्यात ते चाचपतो, आणि मगच बारीक ड्रिलनं सुरुवात करतो. मोठं भोक पाडल्यावर त्याची कड कानशीनं घासून तिला प्रायमर आणि रंग द्यायचाच. पुष्कळ जण हे टाळतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात मडगार्ड गंजायला लागतं. जोडांना चांगले क्लॅम्प, फिल्टरच्या झाकणाला धड रबर, आणि ते तळाचं बोंडूक बंद.

मग परीक्षा. इंजिन सुरू करून सावकाश चालू द्यायचं आणि सोंडेचं तोंड जाड रबराच्या तुकड्यानं घट्ट झाकायचं. थोड्याच सेकंदांत इंजिन बंद पडलं पाहिजे. बंद पडलं नाही, तर ते दुसरीकडून कुठून तरी हवा घेतंय, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. कुणी सोंड बसवून दिली, तर पैसे देण्याआधी तुमच्यासमोर हे करून दाखवायला सांगा.

एवढं करूनही गाडी पाणबुडी होत नाही. डिफरन्शियलला आणि गिअरबॉक्सला हवा जाण्या-येण्यासाठी बारीक छिद्रं असतात. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं, की आतली हवा आकसते आणि त्या छिद्रातून पाणी आत खेचलं जातं. तिथेही नळ्या लावून उंच न्याव्या लागतात. हल्लीच्या डिझेल गाड्यांत संगणक आणि सेन्सर आहेत, त्यांना सोंडेचा काही उपयोग नाही. फोर्सच्या गुरखाला सोंड कारखान्यातूनच लावून येते, तिचं तोंड टपाजवळ आहे. तरी कंपनी पाण्याची मर्यादा देते ७०० मिलिमीटर. २०२० मध्ये आलेल्या थारला सोंड नाही, तिची मर्यादा ६५० मिलिमीटर. फरक फक्त पाच सेंटिमीटरचा. सोंडेच्या तोंडाएवढं खोल पाणी चालेल असं समजणाऱ्यांनी हे आकडे जरूर बघावेत.

जीप तयार झाल्यावर त्या तरुणानं विचारलंच, ‘आता पुलावर पाणी असलं तरी जायला हरकत नाही ना?’

मी म्हटलं, ‘इंजिन बुडणार नाही बाबा, पण गाडी वाहून जाईल.’ फूटभर वाहतं पाणी साधी मोटार ढकलून नेऊ शकतं आणि दोन फूट पाण्यात जीपसारख्या गाड्याही तरंगायला लागतात. चाकं जमिनीवर टेकलीच नाहीत, तर चालणाऱ्या इंजिनाचा काय उपयोग? शिवाय गढूळ पाण्याखाली पुलाचा कठडा आणि भराव शिल्लक आहे की नाही, ते काठावरून दिसत नाही.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठासून सांगितलं. तेव्हा भोक पाडण्याआधी आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पाण्यानं इंजिन जाम झाल्यास साधा विमा बहुधा हात वर करतो. इंजिनासाठीचं जादा संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आणि गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. ढकलून किंवा ओढून बाहेर काढा, फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर मिस्त्री येईपर्यंत किल्लीला हात नको. वाकलेल्या रॉडांपैकी बरेचसे त्या दुसऱ्या प्रयत्नात वाकलेले असतात.

आता खरं विचाराल, तर आपल्या भागात सोंडेची कमाई पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात आहे. पूर कधीतरी येतो. काळ्या रानातली पिठासारखी धूळ वर्षातले सात-आठ महिने उडते, आणि ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांमागे जाणारी गाडी तीच खात असते. म्हणून त्या जीपच्या सोंडेवरचं तोंड काढून मी ट्रॅक्टरसारखं धूळ धरणारं भांडं बसवलं. हंगाम संपल्यावर तो पुन्हा आला, तेव्हा भांड्यात ओंजळभर धूळ होती. आतला फिल्टर मी नुसता झटकून परत बसवला.