शिक्षा एकदा भोगली, मग दुसरी कशाची?

17 एप्रिल 1975 रोजी ख्मेर रूजच्या फौजा कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये शिरल्या. पुढील पावणेचार वर्षांत उपासमार, वेठबिगार आणि कत्तल यांत सुमारे 17 लाख माणसे मेली. भिक्खूंची चीवरे उतरविली गेली, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. जे वाचले, ते जंगल तुडवीत थायलंडच्या सीमेवर पोहोचले. तेथील छावण्यांत कितीतरी मुले जन्मली.

अमेरिकेने यांतील लाखाहून अधिक लोकांना आसरा दिला. कॅलिफोर्नियातील लाँग बीच आणि मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे त्यांच्या मोठ्या वस्त्या झाल्या. घरे मिळाली ती गरीब वस्तीत. आईबापांना इंग्रजी येईना. रात्री झोपेत किंचाळून उठणारा बाप मुलाला शाळेतले हाल काय विचारणार? शाळेत मार खाणारी पोरे एकमेकांच्या आधाराला जमली आणि त्याच्याच टोळ्या झाल्या. मग मारामारी, चोरी, पिस्तूल आणि तुरुंग.

गुन्हा तो गुन्हाच, त्याची शिक्षा त्यांनी भोगली. परंतु 1996 साली अमेरिकन संसदेने कायदे बदलले. एक वर्षाची शिक्षा झालेली चोरी किंवा मारहाणही ‘गंभीर गुन्हा’ ठरून हद्दपारीस पुरेशी झाली. मग ती शिक्षा स्थगित का असेना! जुन्या गुन्ह्यांनाही हीच व्याख्या लागली. माणूस सुधारला आहे, त्याला बायकामुले आहेत, हे पाहण्याची मुभा न्यायाधीशाला जवळजवळ उरली नाही. गुन्हा कबूल केल्यास हद्दपारी होऊ शकते, हे वकिलाने अशिलाला सांगितलेच पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले ते 2010 साली.

मार्च 2002 मध्ये कंबोडियाने अशा लोकांना परत घेण्याचा करार केला आणि त्याच वर्षी पहिली तुकडी नॉम पेन्हला उतरली. छावणीत जन्मलेल्यांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. त्यांपैकीच एक तुय सोबिल. थायलंडच्या छावणीतला जन्म, लाँग बीचमध्ये लहानाचा मोठा झालेला. हद्दपारीनंतर त्याने नॉम पेन्हच्या गरीब मुलांना ब्रेकडान्स शिकविण्यास सुरुवात केली. त्यातूनच ‘टायनी टून्स’ ही संस्था उभी राहिली. ज्याला एका देशाने टाकून दिले, त्याने दुसऱ्या देशाची पोरे रस्त्यावरून उचलली!

मातापित्यांनो, यातील एक गोष्ट मनाला फार लागते. आईबापांनी वेळीच नागरिकत्वाचा अर्ज केला असता, तर यांतील बहुतेक मुले लहानपणीच नागरिक झाली असती. पण निर्वासित म्हणून बोलावले, राहू दिले, म्हणजे आपण येथलेच झालो, असे त्या भाबड्या माणसांना वाटले. तो अर्ज त्यांच्या हाती कोण देणार होते?