दुसऱ्यांदा नादारी

मुंबई शहरासाठी 1909 चा स्वतंत्र कायदा होता. चांद्यासारख्या (आजच्या चंद्रपूरसारख्या) मुफस्सल जिल्ह्यांसाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा झाला, आणि 1982 मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा निघाला तरी दोहोंकडच्या सामान्य ऋणकोला आजही त्याच कायद्याचा आधार आहे, कारण 2016 च्या नव्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच अमलात आला आहे.

समजा, चंद्रपूर जिल्ह्यातील मूलच्या एखाद्या धानव्यापाऱ्याने नादारी मिळवली, तगादे थांबले, आणि न्यायालयाने नेमून दिलेल्या मुदतीत ऋणमुक्तीचा अर्ज करायचेच तो विसरला; तर मूळ हुकूम रद्द होतो, आणि पुन्हा नादारी मागायची झाल्यास तो रद्द करणाऱ्या न्यायालयाची आधी परवानगी घ्यावी लागते. ही अट मला रास्त वाटते. उलट, एकदा रीतसर मुक्त झालेला मनुष्य पुन्हा बुडाला तर अर्जाला मज्जाव नाही. मात्र पूर्वीची नादारी सिद्ध होताच बिनशर्त मुक्तता न्यायालय नाकारते. स्वतःच्या दोषाने मालमत्ता कर्जाच्या रुपयामागे आठ आण्यांहून कमी भरणे, हेही तसेच एक कारण (आणे व्यवहारातून गेले, कायद्यातून नव्हे!).

दुसऱ्या खेपेसही स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याचे बैल, बियाणे आणि धर्मरूढीने स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारा दागिना, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र, यांना जप्तीचा हात लागत नाही. पण ही दुसरी खेप रखडू नये म्हणून हुकमातील ऋणमुक्ती-अर्जाच्या मुदतीच्या तारखेवर तेवढी घरच्या पंचांगात खूण करून ठेवावी.