एसी चालू, बिलही चालू, मग एकच खोली का तापते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जिथे जिथे मी ‘अं...’ केलं ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच आहे.

विरारहून एसी लोकल पकडणाऱ्यांना आजचा विषय पटकन कळेल. पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली 25 डिसेंबर 2017 ला. तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही. डबा एकच, एसी तोच, पण मध्ये व्हेंटखाली उभं राहिलात तर कान गारठतात आणि दारापाशी उभं राहिलात तर शर्ट पाठीला चिकटतो. मशीन बिघडलेलं नसतं. थंड हवा किती पोचते आणि बाहेरची गरमी किती आत येते, याचा हिशोब प्रत्येक जागी वेगळा असतो, इतकंच. घराचंही तसंच आहे.

तर झालं असं. आमच्या चांदीपमधून माझी मावशी अमेरिकेला गेली, टेक्ससमध्ये डॅलसजवळ फ्रिस्कोला. ताईचं बाळंतपण. तिकडे घराला सेंट्रल एसी असतो. म्हणजे मशीन एकच, आणि छपराखालच्या माळ्यातून पाइपांसारखे डक्ट फिरवून प्रत्येक खोलीच्या सिलिंगला हवा सोडलेली. खालच्या मजल्यावर मस्त 24 अंश. वरच्या मजल्यावर बाळ आणि मावशी झोपतात, त्या खोलीत 28. बाळाच्या पाठीला घाम, रात्रभर रड. जो माणूस तपासायला आला तो म्हणाला, मशीन छोटं पडतंय, मोठं बसवा. आकडा हजारो डॉलरमध्ये. जिजू हप्ते बघायला लागले होते.

मी एसीवाला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण डीबगिंगचा एक नियम सगळीकडे चालतो: आधी लॉग बघा, मग सर्व्हर बदला. तिकडे रात्रीचे साडेआठ, इकडे सकाळचे सात. व्हिडिओ कॉल लावला आणि ताईला स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर घेऊन घरभर फिरवलं.

पहिलं माप, मशीन ठीक आहे का? घरातली हवा परत मशीनकडे जाते त्या मोठ्या जाळीपाशी, म्हणजे रिटर्नपाशी, 24 अंश. खालच्या हॉलच्या व्हेंटमधून येणारी हवा 14. फरक 10 अंशांचा. साधारण 8 ते 11 अंशांचा फरक पडत असेल तर मशीन हवा नीट थंड करतंय असं समजायला हरकत नाही. म्हणजे मोठं मशीन हा इलाज नव्हताच. उलट गरजेपेक्षा मोठं मशीन घर पटकन थंड करून बंद पडतं, पुन्हा चालू, पुन्हा बंद. तेवढ्या वेळात हवेतला दमटपणा ओढला जात नाही, आणि डक्ट तेच राहिल्यामुळे तापणारी खोली तापतच राहते.

दुसरं माप बाळाच्या खोलीतल्या व्हेंटचं. 19! खालून निघालेली 14 ची हवा वर येईपर्यंत 5 अंश तापली कुठे? माळ्यात. टेक्ससच्या उन्हाळ्यात छपराखालचा माळा 50 अंशांच्या पुढे सहज जातो, आणि डक्ट त्यातूनच जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे, माळा थंड असताना, जिजू टॉर्च घेऊन वर चढले. त्या खोलीकडे जाणाऱ्या मऊ, लवचीक डक्टवर गणपतीच्या मखराचे दोन खोके ठेवलेले! कोणी ठेवले यावर घरात अजून एकमत नाही. डक्ट चपटा झाला होता, वरचं इन्सुलेशन फाटलं होतं, आणि एका जोडातून थंड हवा माळ्यालाच मिळत होती. हे काही जगावेगळं नाही. अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या मते साधारण घरात डक्टमधली 20 ते 30 टक्के हवा अशीच गळती आणि वाईट जोडांमुळे वाया जाते.

जोड बंद करायला जिजूंनी कपड्याची डक्ट टेप काढली. थांबा म्हटलं. नावात डक्ट असलं तरी ती टेप डक्टवर टिकत नाही. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 1998 मध्ये वेगवेगळ्या टेप तापवून-थंड करून तपासल्या, तेव्हा हीच नापास झाली होती. मॅस्टिक नावाची लुकण मिळते, नाहीतर अॅल्युमिनियम फॉइलची टेप. ती लावली, खोके हलवले, डक्ट सरळ केला. फिल्टरही काळाकुट्ट होता, तो बदलला. (खरं तर फिल्टर सगळ्यात आधी बघायचा. मी विसरलो.)

खोली 28 वरून 26 ला आली. पण अजून दोन अंश बाकी होते, आणि त्यांचं कारण होती मावशी.

बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडं टाकायचं नाही, वारं लागतं, हा आपल्याकडचा नियम मावशीने टेक्ससमध्येही पाळला होता. दार चोवीस तास बंद, आणि खाली जाड कार्पेट, म्हणजे फटही नाही. आता विचार करा. खोलीत व्हेंटमधून हवा येतेय, पण त्या खोलीला रिटर्न नाही. रिटर्न बाहेर पॅसेजमध्ये. आत आलेली हवा बाहेर जाऊ शकली नाही तर खोलीत दाब वाढतो आणि नवी हवा येणंच कमी होतं. तुडुंब भरलेल्या डब्यात आधी कोणी उतरल्याशिवाय चढता येत नाही ना, तसं.

मी ताईला टिश्यू पेपरची एक पट्टी व्हेंटसमोर धरायला सांगितली. दार बंद, पट्टी जेमतेम हलते. दार चार बोटं उघडलं, पट्टी फडफडायला लागली. मावशी स्वतः दोनदा दार उघडून-लावून बघत बसली. मग म्हणाली, “अरे, म्हणजे वारं लागू नये म्हणून मीच वारं अडवलं?” आता दार चार बोटं उघडं असतं. नंतर ते दाराच्या वर भिंतीत आरपार जाळी बसवून घेणार आहेत, म्हणजे दार लावलं तरी हवेला परतीचा रस्ता राहील. खोली सध्या खालच्यापेक्षा एखादा अंशच गरम आहे. मशीन तेच आहे.

ही टिश्यूची ट्रिक तुमच्या मित्राच्या बंगल्यात किंवा ऑफिसात डक्टेबल एसी असेल तर तिथेही करून बघा. आणि एक चूक टाळा: नको असलेल्या खोल्यांचे व्हेंट बंद करून हवा दुसरीकडे ढकलायची. डक्टमधला दाब वाढतो, गळती वाढते, जास्तच बंद केले तर कॉइलवर बर्फसुद्धा धरतो. थर्मोस्टॅट 18 वर नेऊनही काही होत नाही. त्याला फक्त स्वतःच्या भिंतीवरचं तापमान दिसतं. एक सेन्सर, एक इफ-एल्स. वरची खोली त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही.

आता आपल्याकडे. चांदीपच्या आमच्या घरात सेंट्रल एसी कुठला? वरच्या मजल्यावर हॉलमध्ये दीड टनाचा स्प्लिट, आणि आतल्या खोलीत आजी. मे महिन्यात आतली खोली भट्टी. बाबा दुसरा एसी घ्यायला निघाले होते. टेक्ससचा किस्सा ताजा होता म्हणून म्हटलं, थांबा, मापूया.

आमचा माळा म्हणजे स्लॅब. दुपारभर तापतो आणि गरमी उशिरा खाली सोडतो. रात्री 9 वाजता स्लॅबची आतली बाजू 38 अंश होती. म्हणजे आजी रात्री झोपते तेव्हा डोक्यावर मंद तवा. पंखा लावला तर तीच गरम हवा खाली येते. दुसरा एसी घेतला असता तर तो रात्रभर त्या तव्याशी भांडला असता.

आम्ही गच्ची घासून दोन हात पांढरा उष्णतारोधक रंग मारला. हे गरिबाचं जुगाड वगैरे नाही, तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफचं अख्खं धोरण आणलंय. वसई-विरारमध्ये गळती नको म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड टाकतात, तिचाही हाच फायदा, स्लॅब सावलीत राहतो. रंगाची एक अडचण आहे. आपल्या पावसात गच्ची शेवाळाने काळी पडते आणि काळी गच्ची पुन्हा तापते. दिवाळीनंतर धुवावी लागते, काही वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो.

मग दारात टेबल फॅन. बहुतेक जण तो कसाही ठेवतात. थंड हवा जड, ती जमिनीलगत असते. म्हणून फॅन हॉलमध्ये, खाली जमिनीवर, तोंड आजीच्या खोलीकडे. दार पूर्ण उघडं, आणि दारावरचा पडदा काढायचा, कारण गरम हवा वरच्या बाजूने परत हॉलमध्ये यायला हवी. पुन्हा तोच परतीचा रस्ता.

गेल्या आठवड्यात रात्री 9 ला स्लॅब 33 होता, आजीची खोली 28. हॉलमध्ये 26. आजी म्हणते, गोधडी लागते पहाटे. बाबांनी एसीची खरेदी पुढे ढकललीय, रद्द केली असं मात्र ते अजून म्हणत नाहीत.

पुढच्या भागासाठी नालासोपाऱ्याहून प्रश्न आलाय: इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागतो का? तोवर तुमच्या घरातली सगळ्यात गरम खोली कोणती आणि रात्री 9 ला तिथे किती तापमान असतं, ते मोजून व्हॉइस नोट पाठवा.